गुपिताचं आयुष्य : क्वांटम संगणक आणि चंद्रपूर-गडचिरोली



ज्या गणिताच्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात बसण्याचं भाग्य मला लाभलं नाही. पण त्यांच्या विद्यार्थ्यांनी स्वतः वर्गणी काढून ही माला चालू ठेवली आहे, यावरून सरांची थोरवी कळते. आयोजकांनी विषयाची मोकळीक दिली, तेव्हा मी ठरवलं की गणिताच्या माणसाचं स्मरण गणितानंच करावं. मात्र ते गणित असं असावं, की ज्याच्याशी आपल्या या दोन जिल्ह्यांचा रोजचा संबंध येतो.

विषय असा आहे. आपण दूरच्या संगणकाशी जी जोडणी करतो, तिला एक कुलूप असतं. ते कुलूप उघडू शकेल असं एक यंत्र जगात तयार होऊ घातलं आहे. त्याला क्वांटम संगणक म्हणतात. हे ऐकल्यावर कुणालाही वाटेल, की ही बंगळुरू-पुण्याची चिंता. आपल्यापुढे कोळसा आहे, पूर आहे, वाघ आहे, मलेरिया आहे. माझं मत नेमकं उलटं आहे. या धोक्याची झळ ज्यांना सर्वांत जास्त काळ सोसावी लागेल, त्यांत चंद्रपूर आणि गडचिरोलीची माणसं फार वर येतात. ते का, हे सांगण्यासाठी आज मी उभा आहे.

भामरागड घ्या. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांच्या संगमाजवळचं गाव. पावसाळ्यात पर्लकोटेचं पाणी पुलावर चढलं की रस्ता बंद, हे तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं सोसलं आहे. अशा दिवसांत तिथल्या एखाद्या कार्यालयातला सर्व्हर बंद पडला, तर जीप काढून कोण जाणार? चंद्रपुरात किंवा नागपुरात बसलेला माणूस आपल्या टेबलावरून त्या सर्व्हरमध्ये शिरतो, काळ्या पडद्यावर चार आज्ञा टाइप करतो आणि सेवा पुन्हा चालू करतो. मी हेच काम करून पोट भरतो. शहरात दुरून लॉगिन करणं ही सोय आहे. आपल्याकडे पावसाळ्यात दुसरा मार्गच नसतो. दवाखाने, तहसील, बँकेच्या शाखा, वनविभागाची कार्यालयं, पोलीस मदत केंद्रं, वीज उपकेंद्रं, सुरजागडच्या खाणी, सगळ्यांचा कारभार कुठल्या ना कुठल्या दूरस्थ जोडणीवर चालतो.

या कामासाठी सर्वांत जास्त वापरलं जाणारं साधन म्हणजे एसएसएच. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात टाटू युलोनेन यांनी ते लिहिलं. त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड टिपून घेणारा प्रोग्रॅम बसवला होता. तोवर लोक टेलनेट वापरत आणि त्यात पासवर्ड तारेवरून उघडाच जाई. एसएसएचनं ती वाट बंद केली. व्हीपीएन आणि वेबसाइटच्या पत्त्यापुढे दिसणारं कुलूप यांच्यामागेही थोड्याफार फरकानं तेच गणित आहे.

ते गणित जरा जवळून पाहू. चंद्रपूरचा संगणक आणि भामरागडचा सर्व्हर बोलायला लागतात. दोघांनी आधी भेटून काहीही गुप्त ठरवलेलं नाही. मधल्या वाटेवरचा एकेक आकडा कुणीही टिपू शकतो. तरीही सुरुवातीच्या क्षणार्धात दोघं उघडपणे काही संख्या एकमेकांना पाठवतात आणि त्यांतून दोघांकडेही एकच गुप्त किल्ली तयार होते. सगळं ऐकणाऱ्या तिसऱ्याला मात्र ती किल्ली मिळत नाही. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये ही युक्ती जगापुढे मांडली. विसाव्या शतकातल्या गणितातल्या अत्यंत सुंदर कल्पनांमध्ये मी तिची गणना करतो. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांची आरएसए पद्धत आली. किल्ली ठरली की पुढचा सारा मजकूर बहुधा एईएस नावाच्या पद्धतीनं कूटबद्ध होतो.

या सगळ्याचा पाया एका गृहीतकावर आहे. काही गणितं एका दिशेनं सोपी आणि उलट्या दिशेनं अतोनात कठीण असतात. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार सोपा. गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधणं कठीण. १९९४ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या पीटर शोर यांनी सिद्ध केलं, की क्वांटम संगणक हाती आला तर हे कठीण गणित कठीण राहणार नाही. आरएसए ज्यावर उभं आहे ते अवयव पाडणं, आणि डिफी-हेलमन व आजच्या इलिप्टिक कर्व्ह पद्धती ज्यावर उभ्या आहेत ते डिस्क्रीट लॉगरिदम, दोन्ही एकाच उपायानं सुटतात. एईएसला मात्र तसा धोका नाही. लव ग्रोवर यांनी १९९६ मध्ये शोधलेल्या पद्धतीमुळे तिची ताकद कमी होते, पण २५६ बिटांची किल्ली वापरली की ते पुरतं. म्हणजे कच्चा दुवा नेमका कुठे आहे? जोडणीच्या सुरुवातीला, किल्ली ठरते त्या क्षणार्धात. तो क्षण ज्यानं टिपून ठेवला, त्याच्यासाठी पुढचं सगळं संभाषण उघडं आहे.

आता यंत्राची अवस्था. २००१ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी सात क्युबिटांच्या (क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकातल्या माहितीचं मूलभूत एकक) यंत्रावर १५ या संख्येचे अवयव पाडले : ३ आणि ५. चौथीतलं पोर सांगेल असं उत्तर, पण शोरची पद्धत खरोखर चालते हे त्यातून दिसलं. गूगलनं डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या ‘विलो’ या चिपमध्ये १०५ क्युबिट आहेत. आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डीआरडीओच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेच्या सहकार्यानं सहा क्युबिटांचा प्रोसेसर तयार झाला, त्याची चाचणी २०२४ मध्ये पूर्ण झाली. आज वापरात असलेली २०४८ बिटांची आरएसए किल्ली फोडायला हे सगळे आकडे फारच तोकडे आहेत.

पण गंमत करण्यासारखी ही गोष्ट नाही. २०१९ मध्ये क्रेग गिडनी आणि मार्टिन एकेरा यांनी हिशोब मांडला, की ही किल्ली आठ तासांत फोडायला सुमारे दोन कोटी क्युबिट लागतील. मे २०२५ मध्ये त्याच गिडनींनी नवा हिशोब दिला : दहा लाखांहून कमी क्युबिट आणि आठवड्याहून कमी वेळ. सहा वर्षांत गरज वीस पटींनी घटली, आणि ती घटली कागद-पेन्सिलीच्या कामानं. यंत्रं सुधारत आहेत ते वेगळंच. एका बाजूनं यंत्र पुढे येतं आहे आणि दुसऱ्या बाजूनं लक्ष्य त्याच्याकडे सरकतं आहे. म्हणून यंत्र कुठल्या साली येईल यावर पैज लावण्यापेक्षा वेगळा प्रश्न विचारायला हवा.

तो प्रश्न असा : ज्याला माझं संभाषण वाचायचं आहे, त्याला आज वाचण्याची गरज आहे का? नाही. त्यानं आज ते नुसतं साठवून ठेवलं तरी चालतं. डिस्क स्वस्त आहेत. किल्ली फोडणारं यंत्र आलं की तो जुनी साठवण बाहेर काढेल. जाणकार या प्रकाराला ‘आज साठवा, उद्या फोडा’ असं म्हणतात. यात आज कुठलीच काच फुटत नाही, कुठला अलार्म वाजत नाही, तक्रार नोंदवायला कुठलंही कारण घडत नाही.

असं पूर्वी घडलं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोव्हिएत दूतावासांनी पाठवलेल्या सांकेतिक तारा अमेरिकेनं साठवून ठेवल्या. एकदाच वापरायच्या किल्लीची काही पानं रशियनांनी चुकून दुसऱ्यांदा छापली होती. तेवढ्या फटीतून ‘व्हेनोना’ या नावाचं काम १९४३ मध्ये सुरू झालं आणि १९८० पर्यंत चाललं. चाळीसच्या दशकातल्या तारा त्यानंतर कित्येक वर्षं उलगडत राहिल्या. तारा पाठवणारे तोवर विसरून गेले असतील, पण त्यांत ज्यांचा उल्लेख होता त्यांतली काही माणसं हयात होती आणि त्यांची आयुष्यं त्या उलगड्यानं बदलली.

साठवायला कुणी आपल्या जंगलात येऊन खांबावर चढायची गरजही नाही. ऑप्टिकल फायबर जिथे पोहोचत नाही किंवा वारंवार तुटतो, तिथे आपण व्हीसॅटची, म्हणजे थेट उपग्रहाशी बोलणारी, थाळी लावतो. भारतनेट या सरकारी योजनेतही दुर्गम ग्रामपंचायतींसाठी उपग्रहाचा पर्याय ठेवला आहे. भूस्थिर उपग्रह छत्तीस हजार किलोमीटरांवर असतो आणि त्यावरून खाली येणारा संदेश फार मोठ्या प्रदेशावर पडतो. एटापल्लीच्या थाळीसाठी निघालेला संदेश शेकडो किलोमीटर दूरच्या छतावरही उतरतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये सॅन दिएगो आणि मेरिलँड इथल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे आठशे डॉलरचं, बाजारात सहज मिळणारं सामान छतावर लावून त्यांनी उपग्रहांचे संदेश ऐकले. जवळपास निम्म्या संदेशांना मुळात कूटबद्धच केलेलं नव्हतं. त्यांत मोबाइल कंपन्यांचे फोन होते, लष्कराचा मजकूर होता, वीज कंपन्यांचाही होता. उरलेल्या निम्म्यांना कुलूप होतं. पण कुलूपबंद पेटी जशीच्या तशी उचलून ठेवायला कुणाचीच आडकाठी नव्हती.

नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव अशा जिल्ह्यांतल्या दुर्गम भागांत उपग्रहावरून इंटरनेट पोहोचवायचं, असा त्यामागे हेतू आहे. मी त्याचं मनापासून स्वागत करतो. ज्या गावात गरोदर बाईला डॉक्टरांचा सल्ला फोनवर मिळणं मुश्कील आहे, त्या गावाला सुरक्षिततेचा बाऊ दाखवून वंचित ठेवणं हा अन्याय होईल. उपग्रह यावाच. त्यावरून जे जाईल त्याला उद्याही टिकेल असं कुलूप असावं, एवढंच मागणं आहे.

आता गुपितांकडे येतो. माझ्या व्याख्यानाचा गाभा इथे आहे.

प्रत्येक गुपिताला आयुष्य असतं. निविदेतली रक्कम ती उघडेपर्यंतच गुप्त ठेवायची असते. फोनवर येणारा ओटीपी काही मिनिटांत मरतो. अशा गुपितांना क्वांटम संगणकाचं भय नाही. पण आपल्या जिल्ह्यांमध्ये फार दीर्घायुषी गुपितं आहेत, आणि ती गरिबांची आहेत.

सिकलसेल घ्या. आपल्या भागातल्या माडिया, गोंड, परधान आणि इतरही समाजांत हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. चाळीस वर्षांखालच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार हटवायचा, असं त्याचं उद्दिष्ट आहे. फार मोलाचं काम आहे. तपासणीनंतर माणूस निरोगी, वाहक की रुग्ण याची नोंद होते, कार्ड मिळतं, माहिती संगणकावर चढते. एटापल्ली तालुक्यातल्या दोन वर्षांच्या मुलीची आज तपासणी झाली, असं समजा. ती वाहक निघाली. वीस वर्षांनी तिच्या लग्नाची बोलणी होतील. दोन्हीकडची माणसं वाहक असतील तर मुलांना आजार होऊ शकतो, म्हणून कार्ड जुळवून पाहा असा सल्ला आरोग्य कर्मचारी देतात, आणि तो योग्य आहे. पण ते कार्ड कुणाला दाखवायचं हे त्या मुलीनं ठरवायचं आहे. तिची नोंद म्हणजे तिच्या आई-बापांचीही अर्धी नोंद, तिच्या भावंडांविषयीचा सुगावा आणि पुढे तिच्या लेकरांविषयीचाही. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. रक्त बदलता येत नाही. हे गुपित साठ-सत्तर वर्षं जगतं.

वॉटर्लूचे गणितज्ञ मिकेले मोस्का यांनी यासाठी एक साधी बेरीज दिली आहे. गुपित किती वर्षं टिकायला हवं, ही पहिली संख्या. आपली यंत्रणा बदलायला किती वर्षं लागतील, ही दुसरी. मोठा क्वांटम संगणक यायला किती वर्षं आहेत, ही तिसरी. पहिल्या दोहोंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असेल, तर उशीर झालेला आहे. त्या मुलीचं गणित करा. साठ वर्षं गुपिताची, आपल्या सरकारी खरेदीच्या वेगानं दहा वर्षं यंत्रणेची. बेरीज सत्तर. सत्तर वर्षांत असा संगणक होणार नाही, असं छातीठोकपणे सांगणारा जाणकार मला भेटलेला नाही.

दुसरं गुपित अधिक जिवावरचं आहे. पोलिसांचा खबरी असल्याच्या नुसत्या संशयावरून गडचिरोलीत किती माणसं मारली गेली, हे इथे बसलेल्या कुणाला सांगायला नको. त्यांतले बरेच जण खबरी नव्हतेच. आज परिस्थिती पालटते आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती यानं साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. पण ज्यांनी गेल्या काही दशकांत कुणाला तरी काही तरी सांगितलं, आत्मसमर्पण केलं, साक्ष दिली, त्यांची नावं कुठल्या तरी जोडणीवरून कुठल्या तरी कार्यालयात गेली असतील. वैर विझायला एक पिढी लागते, कधी दोन. ही नावं आणखी चाळीस वर्षं कुणाच्या हाती लागता कामा नयेत.

वाघाचं गुपित वेगळ्या तऱ्हेचं आहे. २०१३ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्ना इथल्या एका वाघाच्या गळ्यात उपग्रह पट्टा होता. त्याच्या हालचालींची माहिती भारतीय वन्यजीव संस्थेतल्या शास्त्रज्ञाच्या ईमेलवर येई. त्या खात्यात शिरण्याचा प्रयत्न झाला, आणि तो पुण्याहून झाल्याचं आढळलं. प्रयत्न फसला. पण त्या दिवसापासून वन्यजीव क्षेत्रात काम करणाऱ्यांना कळलं, की शिकाऱ्याला आता पायांचे ठसे शोधत फिरायची गरज उरणार नाही. २०२२च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ मोजले गेले. त्यांतला मोठा हिस्सा आपल्या चंद्रपूरच्या ताडोबात आणि भोवतालच्या जंगलात आहे. २०२५च्या सुरुवातीला राजुरा परिसरात आंतरराज्य शिकारी टोळीचा म्होरक्या पकडला गेला. आजचा वाघ कुठे आहे ही माहिती आठवड्यात शिळी होते, हे खरं. पण उन्हाळ्यात कोणत्या पाणवठ्यावर वाघीण पिल्लांना आणते, कोणत्या नाल्यातून वाघ ताडोबाहून बाहेर पडतात, हे वाघांच्या पिढ्या बदलल्या तरी फारसं बदलत नाही. दहा वर्षांपूर्वीची नोंदही शिकाऱ्याला आजचा रस्ता दाखवते.

विजेबद्दल थोडक्यात. २९२० मेगावॉटचं महाऔष्णिक केंद्र आपल्या उशाशी आहे. इथून पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची उच्चदाब डीसी वाहिनी १५०० मेगावॉट वाहून नेते, आणि भद्रावतीचं केंद्र पश्चिम व दक्षिण जाळ्यांना जोडतं. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या. त्यामागे सायबर घातपाताची शक्यता असल्याचं राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी नंतर सांगितलं. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक असल्याचं म्हटलं. वाद बाजूला ठेवू. वीज केंद्राला आज दिलेल्या आज्ञेला उद्या किंमत नाही, हे कबूल. पण साठवलेल्या जोडणीत नेटवर्कचा आराखडा असतो, संरक्षक रिलेची सेटिंग्ज असतात, तंत्रज्ञानं टाइप केलेला पासवर्डही असतो, आणि या गोष्टी आपल्याकडे वर्षानुवर्षं त्याच राहतात.

मग उपाय काय? उपाय आहे, आणि त्यातही गणितच आहे.

अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनं २०१६ मध्ये जगभरच्या गणितज्ञांना आवाहन केलं : क्वांटम संगणकालाही न फुटणारी पद्धत द्या. आठ वर्षं जाहीर तपासणी चालली, प्रत्येक प्रस्तावावर जगभरच्या लोकांनी उघडपणे हल्ले चढवले. १३ ऑगस्ट २०२४ रोजी पहिली तीन मानकं निघाली. किल्ली ठरवण्यासाठीच्या पद्धतीचं नाव एमएल-केम.

ती कशावर उभी आहे ते सांगतो. आपण सगळ्यांनी वनविकास महामंडळाची सागाची रोपवनं पाहिली आहेत. सरळ रांगा, ठरावीक अंतर. अशा रोपवनात मी एका झाडापासून जरा बाजूला एक खुंटी ठोकली आणि तुम्हाला विचारलं, या खुंटीच्या सर्वांत जवळचं झाड कोणतं? तुम्ही बघून सांगाल. आता कल्पना करा, की रांगा कशा लावल्या ते तुम्हाला ठाऊक नाही. फक्त दोन अगदी तिरप्या, लांबलचक दिशा सांगितल्या आहेत, ज्यांची वजाबाकी-बेरीज करत प्रत्येक झाडापाशी पोहोचता येतं. काम अवघड झालं, पण जमिनीवर जमेल. हेच रोपवन दोन दिशांऐवजी ७६८ दिशांना पसरलेलं असेल, तर जवळचं झाड शोधण्याची सोपी वाट आजवर ना साध्या संगणकाला सापडली, ना क्वांटम संगणकाला. ज्यानं रांगा लावल्या त्याला मात्र झाड लगेच दिसतं. खुंटी ‘जरा बाजूला’ ठोकण्यातली खुबी इस्रायली गणितज्ञ ओडेड रेगेव्ह यांनी २००५ मध्ये भक्कम पायावर उभी केली.

नवी पद्धत न फुटण्याची हमी आहे का? गणितात अशी हमी क्वचित मिळते. याच स्पर्धेतला ‘साइक’ हा प्रस्ताव बरीच मजल मारून आला होता. २०२२ मध्ये बेल्जियममधल्या दोन गणितज्ञांनी तो साध्या संगणकाच्या एका कोअरवर तासाभरात फोडला. म्हणून शहाणी माणसं दुहेरी कुलूप लावतात : जुनी इलिप्टिक कर्व्ह पद्धत आणि नवी एमएल-केम, दोन्हींतून निघालेल्या संख्या मिसळून किल्ली बनवायची. नवीत उद्या खोट निघाली तरी जुनी आहे. जुनी क्वांटम संगणकानं फोडली तरी नवी आहे. मला हा सावधपणा फार पटतो.

एसएसएचचं मुक्त सॉफ्टवेअर असलेल्या ओपनएसएसएचनं हे काम कुणी सांगण्याची वाट न बघता केलं. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या ९.० या आवृत्तीपासून दुहेरी पद्धत आपोआप लागू झाली; तिच्यात नवं कुलूप ‘एसएनट्रप’ या दुसऱ्या पद्धतीचं होतं. एप्रिल २०२५च्या १०.० मध्ये एमएल-केमची जोडी आपोआप लागू झाली. १०.१ पासून तर समोरचा सर्व्हर जुनाच असेल, तर हे संभाषण साठवून पुढे फोडलं जाऊ शकतं असा इशारा पडद्यावर येतो. क्रोम ब्राउझर, सिग्नल, ॲपलचं आयमेसेज यांनीही २०२३-२४ पासून अशीच पावलं टाकली. यातल्या कशालाही वेगळे पैसे पडत नाहीत.

सभागृहात जे कुणी सर्व्हर सांभाळतात, त्यांना एक गोष्ट आज रात्रीच करून पाहता येईल. एसएसएच करताना आज्ञेत ‘डॅश व्ही’ जोडा. पडद्यावर ओळी धावतील. त्यांत ‘केक्स अल्गोरिदम’ अशी एक ओळ असते. तिच्यापुढे ‘एमएलकेम ७६८’ किंवा ‘एसएनट्रप ७६१’ दिसलं तर ती जोडणी दुहेरी कुलपाची आहे. नुसतं ‘कर्व्ह २५५१९’ किंवा ‘डिफी-हेलमन ग्रुप १४’ दिसलं, तर ती जोडणी साठवणाऱ्याच्या कामाची आहे. सर्व्हरची यादी करा आणि प्रत्येकासमोर ती ओळ लिहा. या यादीशिवाय कुठलंही धोरण पुढे सरकत नाही.

आमच्याकडे लाइन इतकी मंद, हे ओझं ती पेलेल का, असं मला नेहमी विचारतात. जुन्या पद्धतीत एका बाजूकडून ३२ बाइट जातात; एमएल-केममध्ये एका दिशेनं १,१८४ आणि दुसऱ्या दिशेनं १,०८८ बाइट जास्तीचे. म्हणजे दोन किलोबाइटांच्या आसपास, तेही जोडणीच्या सुरुवातीला एकदाच. उपग्रहावर वेळ खाते ती फेरी, आणि नव्या पद्धतीत जास्तीची फेरी नाही. व्हॉट्सॲपचा छोटासा फोटो जिथे पोहोचतो, तिथे हेही पोहोचेल. अडचण निघते ती जुन्या फायरवॉल आणि राउटरमध्ये. पहिलाच संदेश एका पाकिटात मावला नाही की काही उपकरणं गोंधळून जोडणी तोडतात. ती शोधावी लागतील, आणि ती नेमकी तिथे असतात जिथे पावसाळ्यात पोहोचता येत नाही. म्हणून हे काम ऑक्टोबर ते मे या महिन्यांत उरकायला हवं. जिथे उपकरण बदलणं शक्यच नाही, तिथे व्हीपीएनच्या दोन्ही टोकांना हातानं नेऊन एक लांब गुप्त किल्ली आधीच भरून ठेवण्याची सोय आयपीसेक आणि वायरगार्ड या दोन्हींत आहे. तेवढ्यानंही साठवणाऱ्याचा डाव उधळतो.

क्वांटम किल्ली-वितरणाचंही, म्हणजे प्रकाशकणांवरून थेट किल्ली पोहोचवण्याचंही, नाव वर्तमानपत्रांत येतं. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं सहा हजार कोटींहून मोठं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. दोन हजार किलोमीटरपर्यंत असं वितरण करणं हे त्याचं एक उद्दिष्ट आहे. पुण्याच्या आयसरमध्येही या क्षेत्रात उत्तम काम चालतं. मला या संशोधनाचा अभिमान आहे. पण त्याला खास उपकरणं लागतात, सलग फायबर लागतो किंवा खास उपग्रह लागतो. अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयाला ते मिळेपर्यंत थांबायला सांगणं बरोबर नाही. सॉफ्टवेअरचं कुलूप आज उपलब्ध आहे.

आणखी एक खबरदारी. क्वांटमच्या नादात आजचे धोके विसरू नका. सोपे पासवर्ड, चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलेले पासवर्ड, वर्षानुवर्षं अपडेट न केलेले सर्व्हर, यांतून आजही जास्त चोऱ्या होतात. एकाच अपडेटनं बऱ्याचदा दोन्ही कामं होतात.

शेवटी सह्यांचा प्रश्न. आतापर्यंत मी किल्लीबद्दल बोललो. डिजिटल सहीचं गणितही शोरच्या पद्धतीनं फुटतं, पण तिचा हिशोब निराळा आहे. आजची सही आज साठवून कुणाला फायदा नाही. यंत्र येईपर्यंत ती खोटी करता येत नाही. मात्र यंत्र आल्यावर जुन्या तारखेचा खोटा कागद जुन्या सहीसकट तयार करता येईल. १ मे २०१८ पासून आपल्या राज्यात डिजिटल सहीचे सातबारे मिळतात. मेंढा-लेखा ग्रामसभेला २००९ मध्ये १,८०० हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि तिच्या वाटेनं गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा गेल्या. हे हक्क नातवंडांपर्यंत टिकायचे आहेत. उद्या त्यांचे कागद डिजिटल नोंदींच्या आधारे न्यायालयात उभे राहतील, तेव्हा सही कोणत्या काळात झाली हे सिद्ध करता आलं पाहिजे. नव्या सहीची मानकं तयार आहेत. जुन्या आरएसए सह्या २०३० नंतर टाळाव्यात आणि २०३५ नंतर वापरूच नयेत, असा एनआयएसटीचा प्रस्ताव आहे. तोवर महसूल आणि वनविभागानं जुन्या नोंदींवर नव्या पद्धतीच्या सहीची आणि वेळेची मोहर उमटवून घ्यावी. या कामाला काही वर्षांची सवड आहे. किल्लीच्या कामाला ती नाही. म्हणून कोणत्याही कार्यालयात नवा राउटर, नवी व्हीपीएन किंवा नवा आरोग्य-सर्व्हर घ्यायचा असेल, तर निविदेत आजपासूनच एक अट हवी : उपकरण एमएल-केमची दुहेरी पद्धत चालवत असलं पाहिजे आणि त्याचं अपडेट दुरून करता आलं पाहिजे. आज घेतलेला राउटर आपल्याकडे दहा वर्षं चालवला जातो. अटीचा मसुदा मी आयोजकांकडे देऊन ठेवला आहे. ज्यांना हवा आहे त्यांनी त्याची प्रत घेऊन जावी.